रॅम खराब नाही, जास्त आहे

विंडोज ९५ वरून ९८ वर गेल्यावर १ जीबी रॅमच्या मशीनवर 'मेमरी अपुरी आहे' असा संदेश येतो, अशी एकाची तक्रार आहे आणि रॅम खराब असेल, ती बदला, असा सल्ला त्याला मिळालाय. थांबा, उगाच खर्चात पडू नका. ९८ ला ५१२ एमबीच्या वर रॅम झेपत नाही. तिचा व्हीकॅश, म्हणजे डिस्कवरचा डेटा रॅममध्ये हाताशी ठेवणारा कॅश, रॅमच्या प्रमाणात फुगतो आणि विंडोजने स्वतःसाठी राखलेले मेमरीचे पत्तेच (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) खाऊन टाकतो. एजीपी कार्डही (जुन्या धाटणीचं ग्राफिक्स कार्ड) त्याच जागेत वाटा मागतं. म्हणजे रॅम भरपूर, पत्ते संपलेले! (९८ आली तेव्हा ६४ एमबी म्हणजे चैन होती, एवढा विचार कोण करणार.)

मशीन सुरू होताना एफ८ दाबून फक्त कमांड प्रॉम्प्टवर जा. विंडोजच्या फोल्डरमधली सिस्टिम डॉट आयएनआय ही सेटिंग्जची फाइल एडिट या डॉसच्या संपादकाने उघडा, आधी तिची कॉपी ठेवा. चौकटी कंसातल्या व्हीकॅश या शीर्षकाखाली 'मॅक्सफाइलकॅश=२६२१४४' ही ओळ टाका, अर्थात रोमन लिपीत (MaxFileCache=262144) आणि मधे जागा न सोडता. आकडा केबीमध्ये आहे, म्हणजे २५६ एमबी.

तरीही अडलं तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एजीपी अ‍ॅपर्चर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी राखलेली पत्त्यांची जागा, ६४ एमबीवर आणा. तेवढ्यानेही नाही भागलं, तर एक रॅमपट्टी काढून ५१२ वर चालवून बघा.