डोंगराचा फोटो काढला की टेकडीच दिसते, काय चुकतंय?

सोलापूरचा_गडी:
मंडळी, आपल्याकडं सगळं सपाट, त्यामुळं गडावर गेलं की माझं डोकंच फिरतं. मागच्या महिन्यात हरिश्चंद्रगडाला गेलो, कोकणकड्यावर पोटात गोळा आला एवढं खोल, आणि घरी येऊन बघतो तर फोटोत एक राखाडी टेकडी अन् वर नुसतं पांढरं आभाळ. १८-५५ एमएमची झूम लेन्स आहे, सगळं मावावं म्हणून सगळे १८ वरच, म्हणजे सगळ्यात रुंद दिसतं तिथं, काढले. डिसेंबरमध्ये राजगडला जायचंय, सांगा की काय करू.

भटका_कॅमेरा:
१८ नेच घात केला बघ. वाइडमध्ये जवळचं मोठं होतं आणि लांबचं बारीक, आणि जवळ काही ठेवलंच नाहीस तर उरतं काय, बारीक डोंगर आणि ढीगभर आभाळ. एकतर ५५ वर जा, म्हणजे पूर्ण झूम कर, आणि डोंगराचा एकच तुकडा धर. नाहीतर १८ च ठेव पण गुडघ्यावर बस, समोर तीन-चार फुटांवर एखादा दगड नाहीतर कारवीचं झुडूप घे, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ११ वर बारीक ठेव आणि फोकस सहा फुटांच्या आसपास, म्हणजे दगडापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं शार्प येतं. आभाळात ढग नसतील तर त्याला वरची चिंचोळी पट्टी पुरे.

कडेकपारी:
किती वाजता काढलेस? कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, सकाळी तो सावलीतच असतो.

सोलापूरचा_गडी:
अकरा वाजले असतील ओ.

कडेकपारी:
मग राखाडीच येणार. दुपार कलल्यावर ऊन तिरपं पडतं, तेव्हा कातळाच्या घड्या उठून दिसतात. आणि सरळ खाली बघून काढला की खोली कळतच नाही. कडा अर्धगोल आहे ना, एका बाजूला थांबून समोरचा वळसा घ्यायचा, पलीकडं माणसं ठिपक्याएवढी दिसली की बघणाऱ्याला आपोआप उंची कळते. कडेच्या अगदी जवळ मात्र जायचं नाही, फोटो नाही मिळाला तरी चालेल.
राजगडला बालेकिल्ल्यावरून संजीवनी माची बघ, तटबंदी वळत वळत लांब जाते आणि नजर तिच्यामागून तोरण्यापर्यंत जाते. मला सगळ्यात आवडणारी फ्रेम हीच. सूर्य खाली आला की मागच्या रांगा एकापेक्षा एक फिकट निळ्या होत जातात, तिथं ५५ च लाव.

भटका_कॅमेरा:
डिसेंबरपर्यंत थांबू नकोस रे. तुळजापूर रोडला हिप्परगा तलावावर पहाटे जा, काठावरचा दगड जवळ आणि पाणी लांब, खाली बसून फ्रेम लावायची सवय तिथंच होईल.

सोलापूरचा_गडी:
रविवारी जातोच, ट्रायपॉड मित्राकडून मागितलाय. फोटो इथंच टाकतो, बघून सांगा.