मदत हवी आहे: आजोबांची एनडीएच्या सुरुवातीच्या काळातली पत्रं

नमस्कार मंडळी, आजोबा १९५३ मध्ये डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंगमध्ये कॅडेट होते, म्हणजे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) खडकवासल्याला यायच्या आधी, आणि १९५४-५५ मध्ये सगळं इकडे हललं तेव्हा तेही आले. त्या काळात त्यांनी घरी पाठवलेली साधारण ६० पत्रं, मेसची बिलं, दोन-तीन छापील कार्यक्रमपत्रिका असं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत सापडलंय. पणजोबांची काही उत्तरं मोडीत आहेत, ती वाचून घ्यायची सोय झालीय, तो प्रश्न नाही.

गंजलेल्या टाचण्या हळूच काढल्या, सुटे कागद सावलीत पसरून ठेवले, मऊ ब्रशने धूळ झटकली, आणि जेवढी उघडतात तेवढ्यांचे मोबाईलवर फोटो काढून झालेत. लॅमिनेशन करणार नाही, सेलोटेपही लावणार नाही, एवढं माहितीय.

अडलंय ते १०-१२ इनलँड पत्रांपाशी. ती ओल लागून एकमेकांना घट्ट चिकटलीत, एक कोपरा सोडवून बघितला तर शाईचा थर वरच्या कागदाबरोबर निघायला लागला म्हणून लगेच थांबलो. शाई दौतीतली निळी आहे, पाण्याचं बोट लागलं तरी फुटते, त्यामुळे वाफ द्यायची भीती वाटते. आणि नेमकी हीच पत्रं खडकवासल्याच्या पहिल्या महिन्यांतली आहेत हो, इमारतींची कामं चालू असतानाची.

काकांची अट आहे की मूळ पत्रं पुण्याबाहेर पाठवायची नाहीत. बजेट दहा हजारांपर्यंत. तर पुण्यात असे चिकटलेले कागद शाई न फुटता सुटे करून देणारं कोणी आहे का, आणि तोपर्यंत ती कशात ठेवू?