तुमच्या हातातली सर्वांत सुरळीत चालणारी गाडी कोणती?

रविवारी दादरला एका गल्लीत धूळ खात उभी असलेली प्रीमियर पद्मिनी दिसली आणि बाबांची गाडी आठवली. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला होती, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दात्यांचा वेग आधी जुळवून गिअर अलगद पडू देणारी यंत्रणा) नसल्यामुळे गाडी पुरती थांबण्याआधी तो टाकला, की खरखर साऱ्या गल्लीला ऐकू जाई. पुढे मारुती ८०० आली. पॉवर स्टिअरिंग तिलाही नव्हते, परंतु गाडीच इतकी हलकी होती की आईने आठवड्याभरात ती आत्मविश्वासाने चालवली. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

घाटवाट : माझ्या मते खरी परीक्षा चढावर होते. आमच्या जुन्या टर्बो डिझेलला खंबाटकी घाटात इंजिनच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली दमच नसे, आणि टर्बो जागा झाला की ती एकदम उसळे; म्हणून कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ मला अधिक मोलाची वाटते.

डावागुडघा : घोडबंदर रस्त्यावर रोज दीड तास हाफ क्लचवर काढल्यानंतर हे नाव घेतले आहे, हे सुज्ञांनी ओळखावे. क्लच जड झाला तो वयामुळे, असे मी समजत होतो. प्लेट झिजली होती. ती बदलल्यावर पेडल लोण्यासारखे झाले. आता एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी गाडी, घेतली आहे. गिअर बदलताना ती मान डोलावते, मात्र त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडल्यास धक्का बराच कमी होतो.

सुगरण_सारथी : कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत लिहिते. स्टिअरिंग जड झाले म्हणून मी गॅरेजमध्ये मोठ्या खर्चाच्या तयारीने गेले, तर पुढच्या दोन्ही चाकांत हवा बावीस होती आणि हवी होती तेहतीस. काम फुकटात झाले, फक्त मेकॅनिकचे हसू सोसावे लागले.

घाटवाट : ताई, आमच्याकडेही असेच झाले होते, फक्त हसणारी व्यक्ती घरातली होती.

निवृत्त_चक्रधर : इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग पार्किंगमध्ये सुखाचे असते, वेग वाढला की त्याची मदत कमी होऊन चाक हाताला घट्ट लागले पाहिजे. माझ्या सध्याच्या गाडीत ते द्रुतगती मार्गावरही कापसासारखे राहते, आणि मी दोन्ही हातांनी धरून बसतो. पद्मिनी विकाऊ आहे का, याची चौकशी केलीत का?