दुखते पिंडरी अन् बिघाड कंबरेत – आपापले अनुभव सांगा

मंडळी, धागा काढायचं कारण माझा डावा पाय. मागच्या दिवाळीआधी सोयाबीनचे कट्टे ट्रॉलीत टाकताना कंबरेत कच्चकन झालं. दोन दिवसांत कंबर मोकळी झाली, मी विसरलो. आठवड्याने डावी पिंडरी दुखायला लागली. ढुंगणापासून घोट्यापर्यंत कोणी तापलेली तार ओढतंय असं. खोकललो की तार ताणायची. महिनाभर मी पिंडरीलाच तेल चोळत बसलो. मग गावातल्या एका पायाळू माणसाची कंबरेत लाथही खाऊन झाली. (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी खाल्ली असेल.)

शेवटी एमआरआय केला. पाठीच्या अगदी तळाची गादी मागे सरकून पायात उतरणाऱ्या शिरेवर टेकली होती. सायटिका. डॉक्टरांनी टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, लघवी-संडास नीट होते का विचारलं. म्हणाले, ताकद शाबूत आहे, ऑपरेशनची घाई नको, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत निवळतं. झोपून राहू नका, चाला, फक्त वाकून ओझं उचलू नका. माझं दहाव्या आठवड्यात उतरलं.

पण त्या दहा आठवड्यांत पायापेक्षा जास्त झोंबलं ते "दिसत तं काहीच नाही, मंग झालं काय तुले?" हात मोडला तर गळ्यात झोळी दिसते. शीर दबली तर ऐन वेचणीत बाजेवर पडलेला माणूस तेवढा दिसतो.

मेंदू, मणका, नसा, कोणतंही दुखणं लिहा. "हमखास उतार"वाल्या पुड्यांची जाहिरात मात्र नको.

संत्र्याच्या बागेतून (वरूडकडची)
माझ्या आईचं लिहिते. उजव्या गालात वीज चमकायची. वीजच, दुसरा शब्द नाही. दोन-चार सेकंद, मग थांबायची, मग पुन्हा. तोंड धुताना, घास चावताना, एसटीच्या खिडकीतलं वारं गालाला लागलं तरी. आई पदर गालावर घट्ट धरून बसायची आणि आम्हाला वाटायचं, दाढ किडली.

दाढ काढली. चार दिवस बरं वाटलं. दुसरी काढली. तीन चांगल्या दाढा गेल्यावर चौथीच्या वेळी खुर्चीवर बसवणाऱ्यालाच शंका आली (पहिल्या तिघींच्या वेळी का आली नाही, हे आईने त्याला तोंडावर विचारलं). तिथून न्यूरोवाल्याकडे. त्यांनी दात पाहिलेच नाहीत, फक्त विचारलं, "कशाने सुरू होतं आणि किती वेळ राहतं?" ट्रायजेमिनल न्युराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी ती नस, आणि बऱ्याच जणांत मेंदूपाशीच एखादी रक्तवाहिनी तिच्यावर धडधडत टेकलेली असते. साध्या दुखऱ्या गोळ्यांचा तिथे उपयोग नाही. फिटच्या आजारातली कार्बामाझेपिन सुरू केली, अगदी कमी डोसपासून. तिसऱ्या दिवशी आईने भाकर चावून खाल्ली. मी रडले, ती नाही.

गोळीने सुरुवातीला गरगरतं, झोप येते. रक्तातलं सोडियम तपासावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आहे. गोळी पुरेनाशी झाली तर ऑपरेशनही असतं म्हणे. अजून तरी गरज पडली नाही. दाढा मात्र गेल्या त्या गेल्या.

पऱ्हाटीवाली
रात्री दोन-अडीचले हात बधिर होऊन जाग ये. आंगठा अन् बाजूची दोन बोटं. हात झटकला का बरं वाटे. मले वाटलं वेचणीनं थकला. मनगटात नस दबते म्हणे. रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधून झोपतो आता. बरं हाय.

मास्तर (निवृत्त)
पायांची आग. रात्री तळवे गार फरशीवर टेकवून खुर्चीत झोप काढायचो. साखर अकरा वर्षांपासून आहे, पण गोळी घेतो म्हणजे संपलं असा माझा समज. नसा आधीच जळायला लागल्या होत्या. वर त्याच साखरेच्या गोळीने बी-१२ कमी झालेलं, तेही तपासून घ्या. एकदा चपलेत खडा घेऊन बाजार करून आलो, कळलं नाही. तेव्हापासून रोज तळवे आरशात पाहतो. नातीला त्याची फार गंमत वाटते.

लेक सुनेची (वाशीम जिल्हा)
मला अर्धशिशी. डोक्याची एक बाजू ठणकते, उलट्या, उजेड सोसत नाही. एकदा सुरू झालं की दीड-दोन दिवस. मे महिन्यात हमखास. सासूबाई म्हणायच्या, पाहुणे आले की हिचं डोकं बरोबर दुखतं. खरंच होतं ते. पाहुणे आले की जागरण होतं, जेवण टळतं, चुलीपुढे तास जातात, आणि हेच सगळं माझं डोकं उठवतं!

मी किराणा दुकानातल्या गोळीवर दिवस काढत गेले, शेवटी शेवटी रोज एक. मग रोजच डोकं दुखायला लागलं. महिन्यात दहा-पंधरा दिवस दुखऱ्या गोळ्या घेतल्या तर गोळ्यांनीच डोकं धरतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं नाही. बंद केल्या, पहिले दोन आठवडे नरक. आता रोज वेगळी गोळी आहे, डोकं उठू नये म्हणून. उपवास सोडले. सासूबाईंनीच सोडायला लावले.

आशाताई (पूर्व विदर्भ)
एक वेगळी गोष्ट. आमच्या गावात धानाची बांधणी करणारा एक दादा, कोपराच्या आतून कळ मारते म्हणायचा, करंगळीत मुंग्या. सगळे म्हणत कामाचा हात आहे. सर्वेक्षणाला गेले तेव्हा शर्ट काढायला लाजत होता. दंडावर फिकट चट्टा, टोचलं तरी कळत नव्हतं, आणि कोपरामागची नस दोरीसारखी जाड. कुष्ठरोग. तो कातडीइतकाच नसांचा आजार आहे, हे लोकांना माहीत नसतं. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर. नस सुजली म्हणून स्टेरॉइडही दिलं. करंगळी थोडी वाकलीच, पण मूठ वळते, विळा धरतो.

वरोऱ्याचं आनंदवन १९४९ सालचं, अमरावतीचं तपोवन त्याच्याही आधीचं. आपल्याच मातीत एवढं काम झालं, अन् माणूस अजून चट्टा झाकतो.

धुऱ्यावरून
बुढ्याले नागीण झाली होती, बरगडीले. तोंड अन् शेपूट भेटली का माणूस जाते म्हणून घरभर घाबरलेले. तसं काही नसते. लहानपणची कांजण्याच नसेत दडून बसते अन् उतारवयात उठते. आम्ही गेरू लावत आठ दिवस घालवले. औषध फोड आल्यावर ७२ तासांत सुरू झालं तं जास्त फायदा. फोड वाळले, पण वर्षभर सदरा अंगाले लागला तरी बुढा कळवळे.

पांढरकवड्याच्या बाजूचा
आमच्याकडे मान-पाठ लाकडासारखी ताठ झालेली बरीच म्हातारी माणसं. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका, वर्षानुवर्षं प्यालं तर हाडं जाड होऊन मज्जारज्जूही आवळतात. हापशाला लाल रंग मारला तरी लोक तिथलंच पाणी भरतात, कारण दुसरा हापसा दूर आहे.

नागपूरहून, मूळ गाव आर्णी
लिहू का नको, विचार करत होतो. भाऊजींची कंबर. आपल्यासारखीच, धागाकर्त्यासारखीच. एका सकाळी दोन्ही पाय जड झाले आणि बसायची जागा बधिर. त्यांच्या शब्दांत, "सायकलच्या सीटवर बसलो अन् सीटच नाही." लघवी तुंबली. तालुक्याच्या एका दवाखान्यात इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, गॅस आहे म्हणाले. नागपुरात ऑपरेशन झालं तेव्हा चौथा दिवस होता. तळाच्या सगळ्या शिरांचा झुबकाच दबला होता. हे तासांचं काम असतं, दिवसांचं नाही. आज भाऊजी काठीने चालतात. लघवीची नळी अजून आहे. वय ३९.

वाचक (दिग्रसकडचा)
आर्णीवाले दादा, माह्या बापूले काल रात्रीपासून बसाच्या जागी काही समजून नाही राह्यलं. कंबर तं महिन्यापासून हाय. लघवी थेंब थेंब. उद्या सोमवार, उद्या नेलं तं चालते का?

नागपूरहून, मूळ गाव आर्णी
नाही. आत्ता. १०८ लावा. मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या दवाखान्यात न्या, मधे कुठं इंजेक्शनसाठी थांबू नका. फोनवरच सांगा, लघवी अडली आहे अन् बधिरपणा आहे.

आशाताई (पूर्व विदर्भ)
रेशन कार्ड अन् आधार सोबत घ्या, योजनेत बसवायला लागतील. आधीचा एमआरआय असेल तर तोही.

वाचक (दिग्रसकडचा)
लावला फोन. गाडी निघाली म्हणते. रेशन कार्ड सापडून नाही राह्यलं.

आशाताई (पूर्व विदर्भ)
राहू द्या, मागून कोणी आणेल. तुम्ही निघा.