रॉक दौऱ्यांचे अनुभव: तुम्ही खालून काय पाहिलंत?

जुना गिटारवाला

गिटार आता भिंतीवर टांगलेली असते. डाव्या अंगठ्याच्या बुडातला सांधा गेलाय. बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा स्वरमेळ) धरला की कळ मनगटापर्यंत जाते, त्यामुळे दौरे बंद. घरी मन लागलं तर थोडं वाजवतो, तेवढंच. पण जुने श्रोते भेटतात आणि म्हणतात, "त्या शोला तुम्ही अमुक केलंत, अजून अंगावर काटा येतो." मला ते अमुक आठवतच नसतं. आठवतं ते भलतंच: पेडलची (पायाने चालवायचं, गिटारचा आवाज बदलणारं यंत्र) संपत आलेली बॅटरी, ओली केबल, मॉनिटरमधून (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) ड्रमशिवाय काहीच ऐकू न येणं.

म्हणून हा धागा. तुम्ही खालून काय पाहिलंत, काय ऐकलंत ते लिहा. त्या वेळी वर काय चाललं होतं, ते आठवेल तसं मी सांगेन. आमच्याच बँडबद्दल लिहायला हवं असं नाही, कोणाचाही शो चालेल. ज्यांनी स्वतः वाजवलंय, सामान उचललंय, गाडी हाकलीय, फोटो काढलेत त्यांनी तर लिहाच. फक्त "आमच्या वेळचं संगीत आणि आताचं" हा वाद इथे नको, त्याला अंत नाही.

सुरुवात मीच करतो. दौरा म्हणजे मुख्यतः वाट बघणं. गाडीत बसून वाट बघा, हॉलचं कुलूप उघडायची वाट बघा, ड्रमवाल्याचा साउंडचेक संपायची वाट बघा. (तो कधीच संपत नाही. एकटा बास ड्रम ढब, ढब, ढब, आणि मागून आवाजवाला ओरडतोय, "अजून एकदा!") त्या वेळात मी तारा बदलायचो. घामाने तार एका रात्रीत मरते, आवाज बोथट होतो. नवी तार चढवली की ती आधी ताणून घ्यावी लागते. बाराव्या फ्रेटपाशी (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) बोट घालून हलकेच उचलायची, सूर उतरतो. पुन्हा चढवायचा, पुन्हा उचलायची, उतरायचा थांबेपर्यंत. यात आळस केला तर पहिल्याच गाण्यात तार दगा देते आणि हजारो लोकांसमोर खुंट्या पिळत बसावं लागतं.

लिहा आता.

मागची रांग

लिहिते. मोकळ्या मैदानातला शो होता, तुमचाच. मी पार मागे, स्टेजवरची माणसं अंगठ्याएवढी दिसत होती. शेवटच्या लांब गाण्यात सोलो ऐन रंगात आलेला आणि गिटार एकदम गप्प झाली. फक्त ड्रम आणि बास. लोकही हळूहळू गप्प झाले. बऱ्याच वेळाने गिटार परत आली ती अशी, की शेजारचा अनोळखी मुलगा माझा खांदा धरून ओरडायला लागला. रेकॉर्डवर ही जागा नाही. तेव्हापासून मला रेकॉर्डवरचं ते गाणं अर्धवटच वाटतं. ती जागा आधी बसवलेली होती का?

जुना गिटारवाला

नाही हो ताई. ॲम्पचा फ्यूज गेला होता.

व्हॉल्व्हचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं, काचेच्या नळ्यांवर चालणारं यंत्र. पॉवर व्हॉल्व्ह शॉर्ट झाला की फ्यूज उडतो, आणि उडायलाच हवा, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. दुसरा ॲम्प मागे होता, पण थंडगार. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय त्यातून आवाज निघत नाही. मी ड्रमवाल्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं, त्याने मान हलवली आणि मैफल ताब्यात घेतली. पुढे त्याने हट्टच धरला, तिथे रोज गिटार बंद ठेवायची. ठेवून पाहिली. एकदाही रंगली नाही.

तुम्ही मागे होतात म्हणून आणखी एक. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. शंभर मीटर मागे उभ्या माणसाला स्टेजवरचा ठोका पाव सेकंदाहून जास्त उशिरा ऐकू येतो, आणि त्याची टाळी आमच्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं असेल तर मागच्या लोकांच्या टाळ्या आम्हाला अख्खा ठोकाभर मागे ऐकू येतात. हजारो लोक मनापासून टाळ्या वाजवताहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं, हे शिकायला वेळ लागतो. नवखा ड्रमवाला टाळ्यांच्या मागे जातो आणि गाणं संथ होत होत झोपतं. मैदानाच्या मध्यात जे स्पीकरचे मनोरे असतात, त्यांचा आवाजही मुद्दाम उशिरा सोडलेला असतो, स्टेजवरून येणाऱ्या आवाजाशी जुळावा म्हणून.

केबलवाला

फ्यूज कोणी बदलला तेही लिही की!

जुना गिटारवाला

अरे, तू आहेस होय! जिवंत आहेस? मंडळी, हा आमचा रोडी. सामान उतरवणं, ॲम्प, केबली, गिटारी, सगळं याच्याकडे. याला बोलतं करा.

केबलवाला

बोलतो. लोक विचारतात, रोडीचं काम म्हणजे ओझी उचलणं ना? ओझं आहेच. पण खरं काम म्हणजे तारेला हात लावल्यावर गिटारवाला मरणार नाही हे बघणं. अतिशयोक्ती नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा खाली जिथे अडकवतात ती पट्टी), केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गायकाचा माइक दुसऱ्या यंत्रणेच्या अर्थिंगला. दोन्हींत दोष नसेल तर काही होत नाही. पण एकीकडचं अर्थिंग तुटलेलं असलं, तर बोटं तारांवर आणि ओठ माइकवर ठेवणारा माणूस स्वतःच वायर होतो.

म्हणून मी शोच्या आधी मल्टीमीटरचं एक टोक तारांना आणि दुसरं माइकच्या जाळीला लावून बघायचो. बाकीचे हसायचे. एका जुन्या हॉलमध्ये काटा शंभर व्होल्टच्या पुढे गेला. तिथला इलेक्ट्रिशियन शांतपणे म्हणाला, "स्पीकरमध्ये गुणगुण यायची, म्हणून अर्थची वायर काढून ठेवलीय." गुणगुण गेली होती, खरंय. मी मेन स्विच पाडला आणि सगळी लाइन नव्याने ओढेपर्यंत कोणाला स्टेजवर पाऊल ठेवू दिलं नाही. बाहेर लोक शिट्ट्या मारताहेत, आयोजक ओरडतोय, गायक तोंड फुगवून बसलाय.

1972 साली स्वान्सीमध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवर असाच गेला. हातात गिटार होती आणि माइकला हात लागला. 1965 मध्ये सॅक्रामेंटोला रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची गिटार माइकच्या स्टँडला टेकली आणि तो बेशुद्ध पडला. रबरी तळव्याच्या बुटांनी वाचला म्हणतात. आता बिनतारी उपकरणं आली, गळती झाली की वीज तोडणारे ब्रेकर आले, धोका पुष्कळ कमी झाला. मीटर मात्र बॅगेत ठेवाच.

जुना गिटारवाला

त्या उशिराबद्दल दुसऱ्या दिवशी "कलाकारांचे नखरे" असं छापून आलं होतं.

नखऱ्यांवरून आठवलं. व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या 1982 च्या दौऱ्याच्या करारात एक अट होती: मेकअपच्या खोलीत एम अँड एमच्या रंगीत चॉकलेट गोळ्या हव्यात, पण त्यात तपकिरी एकही नको. जगभर हसं झालं. गायक डेव्हिड ली रॉथने पुढे सांगितलं, की ती अट मुद्दाम तांत्रिक कलमांच्या गर्दीत घातली होती. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की समजायचं, आयोजकाने करार वाचलेला नाही, म्हणजे स्टेज किती वजन पेलेल, वीज किती लागेल हेही वाचलेलं नाही. मग सगळं पुन्हा तपासायला घ्यायचं. मला ही युक्ती आधी कळली असती तर याच्या मल्टीमीटरला जोड मिळाली असती.

बासवाली

आम्ही मोठ्या बँडच्या आधी वाजवणारे. आमचा अनुभवही लिहिते, कारण पोस्टरवर आमचं नाव भिंगातून वाचावं लागायचं.

मुख्य बँडचा साउंडचेक लांबला की कापला जातो तो आमचा. त्यांचे ड्रम कापड टाकून झाकलेले, ते हलवायचे नाहीत. त्यांच्या पुढे जी पट्टी उरते त्यात आमचे ड्रम, आमचे ॲम्प आणि आम्ही चौघं. मी मान वळवली की बासचं डोकं गिटारवाल्याच्या कानाला लागायचं. "एक, दोन, माइक चालू आहे," एवढ्यावर चेक संपला. लोक अजून आत येताहेत, जागा शोधताहेत, आमच्याकडे पाठ. मॉनिटर कोणी लावलाच नव्हता. मी संपूर्ण शो ड्रमवाल्याच्या उजव्या पायाकडे बघून वाजवला. पाय खाली गेला की तार.

पण सांगते, तसं घट्ट आम्ही पुन्हा कधी वाजलो नाही.

जुना गिटारवाला

1965 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजले तेव्हा 55 हजारांवर लोक होते आणि त्यांनाही मॉनिटर नव्हते. गाणं ऐकू जायचं ते स्टेडियमच्या स्वतःच्या भोंग्यांतून. पोरींच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. त्यांचा ड्रमवाला रिंगोही पुढच्यांच्या हालचाली बघून ठेका धरायचा, तेव्हा तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

चौकट

फोटोग्राफर. आमची कथा छोटी. स्टेज आणि कठडा यांच्यामधल्या खंदकात पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद, मग बाहेर. आणि पहिल्या तीन गाण्यांत तुम्ही लोक धड घामेजलेलेही नसता. खरा फोटो शेवटच्या गाण्याला असतो, तेव्हा आम्ही बाहेर कॅमेरे पुसत बसलेलो. एवढीच तक्रार.

रात्रपाळी

मी व्हॅन चालवायचो. शो संपला की तुम्हाला टाळ्या, मला पुढचं गाव. मागे सगळे आडवे, घामेजलेल्या कपड्यांचा वास, काचा बंद. पहाटेच्या आधीचा जो तास असतो ना, तो सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतात आणि रस्ता दिसत नसतो. एकदा रिकाम्या रस्त्यावर मला उगाचच गाडी थांबवावीशी वाटली. थांबवली, आणि म्हटलं, उजाडल्याशिवाय हलणार नाही. साउंडचेक बुडाला, मॅनेजरने आरडाओरडा केला. दौरे आखणाऱ्यांनी शोनंतर लगेच लांबचा प्रवास ठेवू नये, याहून जास्त मला काही सांगायचं नाही.

खवचट

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा खडा टाकतो. मी तुमचे लागोपाठ दोन शहरांतले शो पाहिलेत. गाणी तीच, क्रम तोच, आणि "असे श्रोते आम्हाला कुठेच मिळाले नाहीत" हे वाक्यसुद्धा तेच. पहिल्या दिवशी मी त्या वाक्यावर घसा फुटेस्तोवर ओरडलो होतो.

जुना गिटारवाला

वाक्य गायकाचं. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो.

क्रमाचं कारण रुक्ष आहे. आमच्या काही गाण्यांत सगळ्यात जाड तार डी सुरापर्यंत उतरवलेली. त्या गाण्यांची गिटार वेगळी, म्हणून ती गाणी एकत्र. दिवेवाल्याचं सगळं गणित त्या क्रमावर. मध्येच एक गाणं बदललं की केबलवाला चुकीची गिटार घेऊन धावत येणार आणि माझ्यावर पडायला हवा तो झोत बासवाल्यावर पडणार. सोलो मात्र दोन्ही दिवशी वेगळा होता, तेवढं तरी कबूल करा.

खवचट

वेगळा होता. दुसऱ्या शहरातला बरा नव्हता.

जुना गिटारवाला

हे मान्य नाही. दिव्यांच्या झोतात फझ पेडल, आवाज मुद्दाम खरखरीत करणारं, तापलं होतं. जुन्या फझमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत, ते तापले की आवाज चिरका आणि तुटक होतो. सोलो चांगलाच होता, पेडल वाईट होतं.

मागची रांग

मलाही विचारायचं होतं, कानांचं काय? मी त्या शोनंतर पुढचा दिवस कानांत कापूस घातल्यासारखी वावरत होते.

जुना गिटारवाला

माझ्या डाव्या कानात अखंड बारीक "ईऽऽऽ" चालू असतं. डावाच, कारण त्या बाजूला झांजा. दिवसा कळत नाही, रात्री दिवा मालवला की सुरू. त्याची सवय होते असं डॉक्टर म्हणतात. अर्धी झालीय.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या सरकारी संस्थेची शिफारस आहे, 85 डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं, आणि रॉक स्टेज सहज त्याच्या वर असतं. द हू बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड वर्षानुवर्षं कानांच्या दुखण्याबद्दल बोलतोय. 2016 मध्ये एसी/डीसी बँडच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, चालू दौरा सोडावा लागला, नाहीतर कायमचं बहिरेपण येईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जी मुलं आता वाजवताहेत त्यांनी वादकांसाठीचे इअरप्लग घ्या. ते सगळ्याच पट्ट्यांचा आवाज साधारण सारखा कमी करतात. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, म्हणून वाजवणारे ते काढून फेकतात आणि मग माझ्यासारखे होतात. श्रोत्यांना मात्र फोमचेही चालतील. घालाच.

पहिली रांग

मी तुमचा फेकलेला पिक (तारा छेडायची छोटी चकती) झेललाय! त्यावर बँडचं नाव आहे. लग्नाच्या आधीपासून पाकिटात आहे, बायको त्याला सवत म्हणते.

जुना गिटारवाला

वहिनींना नमस्कार. पण खरं सांगायचं तर छापील नावाचे पिक फेकण्यासाठीच असत. माइकच्या स्टँडला ओळीने लावलेले. त्यातला एक घ्यायचा, एखादा कॉर्ड मारायचा आणि भिरकवायचा. वाजवायचे ते साधे, जाड, बिननावाचे. घामात निसटू नयेत म्हणून त्यांच्यावर खिळ्याने ओरखडे काढलेले. कधीमधी घाईत तेही हातून फेकले जायचे, नाही असं नाही. छापील पिकांतल्या काहींवरसुद्धा मी ओरखडे काढायचो.

पहिली रांग

माझ्या पिकवर ओरखडे आहेत!!

जुना गिटारवाला

उभे-आडवे, चौकटी पाडल्यासारखे?

पहिली रांग

नाही... वेडेवाकडे, आणि कडेकडेलाच जास्त. पाकिटात किल्ल्या पण असतात.

जुना गिटारवाला

मग किल्ल्याच.