प्रतिसाद: अडीच एकरांचा ठिपका

उपग्रहावरून शेतनिहाय बाष्पोत्सर्जन (पीक व जमिनीतून वाफ होऊन जाणारे पाणी) मोजून ओलिताच्या पाळ्या ठरवाव्यात, हा इथे मांडलेला मुद्दा तत्त्वतः मान्य आहे. मात्र त्या मोजणीसाठी रानाचे तापमान लागते, आणि ते टिपणारा लँडसॅट-८ या अमेरिकी उपग्रहाचा औष्णिक संवेदक मुळात १०० मीटर लांब-रुंद ठिपका टिपतो, म्हणजे सुमारे अडीच एकर, आणि आमच्या विदर्भात तेवढ्यात दोन धुरे (बांध), कपाशीतल्या तुरीच्या ओळी व एखादे पडीत रान असे सारेच मिसळते. शिवाय खरिपात आभाळ झाकलेले. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचे रडार ढगांतून पाहते खरे, पण ते वरच्या काही सेंटिमीटरांचीच ओल सांगते. भारी काळ्या जमिनीत वर भेगा पडल्या तरी तुरीच्या मुळांना खाली ओल मिळत असते. त्यामुळे हे तंत्र मला कालव्यावरच्या रब्बी हरभऱ्यासाठी अधिक कामाचे वाटते: आभाळ निरभ्र असते, आणि टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतांपर्यंत पाणी पोहोचले की नाही हे चित्रात उघड दिसते.