बटनच्या गोळ्या खाऊन पोरगं बेशुद्ध पडलं तर? वसतिगृहात लावायच्या पत्रकासाठी माहिती हवी

वसतिगृह_जालना: संभाजीनगरकडं 'बटन' म्हणतात त्या नायट्राझेपामच्या (झोपेच्या) गोळ्या, वरून दारू. एखादा पडला की सोबतचे 'केस होईल' म्हणून दार लावून घेतात. अशा वेळी काय करावं, आणि कायद्यात नेमकं काय आहे?

परिचारिका_बीड: खांदा हलवा, जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं चोळा. उठला नाही तर लगेच १०८. 'झोपू द्या, सकाळी उतरेल' यातच जीव जातो. गोळी आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात. नायट्राझेपामचं निम्मं प्रमाण उतरायलाच एक दिवस किंवा जास्त लागतो, म्हणून रोज खाणाऱ्याच्या अंगात ती साचत जाते.

घड्याळ लावून श्वास मोजा. मिनिटाला दहापेक्षा कमी, घरघर किंवा निळे ओठ म्हणजे जीव धोक्यात. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढं वाकवा, तोंड खाली कललेलं ठेवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास थांबला तर उताणा करून छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब. लिंबूपाणी, मिठाचं पाणी काहीच पाजू नका, ते फुप्फुसात उतरतं. रिकामी पट्टी डॉक्टरांच्या हातात द्या. खोकल्याचं कोडीनवालं औषध घेतलं असेल तर तेही सांगा. नॅलोक्सोन हा अफूवर्गातल्या औषधांवरचा उतारा, तो कोडीनवर चालतो, नायट्राझेपामवर नाही.

वकील_परभणी: विषबाधेचा रुग्ण आला की दवाखाना पोलिसांना कळवतो. ती नोंद असते, आरोप नव्हे. एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा, १९८५ च्या कलम २७ खाली अशा गोळ्यांच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वखुशीनं सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा खटला त्याच्यावर चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते.

मदतीला धावणाऱ्या मित्राला संरक्षण देणारं कलम मात्र या कायद्यात नाही. ते असायलाच हवं. पोरं दार लावतात ती याच भीतीनं.

वसतिगृह_जालना: पत्रकात 'आजच गोळ्या बंद करा' असं लिहू का?

औषधनिर्माता_लातूर: नका लिहू, भाऊ. महिनोन्महिने रोज घेणाऱ्यानं एकदम सोडल्या तर दोनचार दिवसांत झटके येऊ शकतात. डॉक्टर डायझेपामसारख्या लांब चालणाऱ्या औषधावर आणून आठवड्याआठवड्यानं थोडं थोडं कमी करतात. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, नाहीतर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. आणि ज्याला डॉक्टरांनीच या गोळ्या लिहून दिल्यात त्यानं चिठ्ठी जवळ ठेवावी. एनडीपीएस नियमांतल्या नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या औषधोपचारासाठी एका वेळी शंभर मात्रांपर्यंत बाळगता येतात. सुट्या, पट्टीविना मिळणाऱ्या गोळीत काय भरलंय ते खाणाऱ्यालाही माहीत नसतं, हे पत्रकात ठळक टाका.